फोर्ट कॉलिन्सच्या दिव्यावरचे चार पतंग : आर्मी कटवर्म किती आणि कोणते?

टेकडीवरचा_दिवा (धागाकर्ता)

ठिकाण फोर्ट कॉलिन्स, कोलोरॅडो. उंची साधारण १,५०० मीटर. तारीख २९ मे. पांढरी चादर, १५ वॅटची अतिनील नळी, रात्री साडेनऊ ते अकरा. सध्या इथे दिव्याखाली नुसता खच पडतोय, त्यातले चार नमुने ठेवले, बाकीचे सोडले. मापं पुढच्या पंखाची आहेत, मुळापासून टोकापर्यंत.

अ : २० मिमी. सगळा राखाडी-तपकिरी, ठिपके कसेबसे दिसतात.
ब : २१ मिमी. गोल ठिपका आणि वृक्काकृती ठिपका फिकट कडेमुळे उठून दिसतात, दोन्हींच्या मधली जागा काळी.
क : २० मिमी. पुढच्या पंखाच्या वरच्या कडेला फिकट पिवळसर पट्टा, बाकी गडद.
ड : २२ मिमी. पंख लांबट आणि अरुंद, वृक्काकृती ठिपक्याला बाहेरून चिकटलेला काळा खंजीर.

स्थानिक लोक सरसकट 'मिलर मॉथ' म्हणतात, म्हणजे आर्मी कटवर्म (कटवर्म म्हणजे पिकं कुरतडणारी अळी), युक्सोआ ऑक्झिलिअरिस. पण अ, ब, क एका जातीचे मानायला मन धजत नाही. कोणती खूण पक्की धरायची?

निशाचर

आधी ड बाजूला काढा. तो ॲग्रोटिस इप्सिलॉन, म्हणजे ब्लॅक कटवर्म. पंखाच्या बाहेरच्या कडेकडून आत आलेल्या दोन बारीक काळ्या पाचरी त्या खंजिराच्या समोर दिसायला हव्यात. मागचा पंख मोत्यासारखा पांढुरका, त्यावर शिरा गडद उमटलेल्या आणि कडेला तपकिरी छटा. नर असेल तर शृंगिका (डोक्यावरच्या मिशा) मुळाकडच्या भागात कंगव्यासारख्या दुहेरी दातांच्या आणि टोकाकडे साध्या दोऱ्यासारख्या. एवढं जुळलं की प्रश्न मिटला.

अ, ब, क या तिघांबद्दल माझं मत : एकच जात. ऑक्झिलिअरिस ही फार बहुरूपी जात आहे. सपाट राखाडी रूप, ठळक ठिपक्यांचं रूप, फिकट कडेचं रूप, ही सगळी एका रात्रीत एका दिव्यावर येतात. म्हणून या जातीत रंगावरून सुरुवात केली की माणूस हमखास भरकटतो. क्रम असा ठेवा : तारीख, मग पाय, मग मागचा पंख, मग शृंगिका, आणि नक्षी सगळ्यात शेवटी.

तारीख पहिली का, तर उत्तर अमेरिकेत युक्सोआच्या सुमारे १७५ जाती आहेत आणि त्यातल्या बहुतेकांचे पतंग उन्हाळ्याच्या उत्तरार्धात किंवा शरदाच्या तोंडावर उडतात. मे महिन्यात रॉकी पर्वताच्या पूर्वेकडच्या पठारावर झुंडीने दिसणारा युक्सोआ म्हटलं की यादी एकदम आखूड होते.

खवलेवाला

निशाचर यांच्याशी सहमत, फक्त पायांबद्दल जरा खुलासा, कारण तिथेच नवखे लोक फसतात. पायावर दोन वेगळ्या गोष्टी असतात, आरी आणि काटे. मधल्या पायाच्या नडगीला टोकाशी आरींची एक जोडी, मागच्या पायाच्या नडगीला दोन जोड्या. या आरी जवळपास सगळ्या पतंगांना असतात, त्यांचा इथे काही उपयोग नाही. आपल्याला हवेत ते काटे : नडगीच्या लांबीवर ओळीने बसलेले, आखूड, जाड, बहुधा गडद तपकिरी.

पुढच्या पायाच्या नडगीला आरी नसतातच. आतल्या बाजूला एक पानासारखी पट्टी असते, पतंग तिच्यातून शृंगिका ओढून साफ करतो. ती पट्टी सोडून तिथे जे टोकदार दिसेल तो काटा. युक्सोआ, ॲग्रोटिस, फेल्टिया या तिन्ही प्रजातींच्या (जवळच्या जातींच्या गटांच्या) पुढच्या नडगीवर असे काटे असतात.

बघायचं कसं : ओल्या बारीक ब्रशने (शून्य नंबर पुरतो) नडगीवरचे खवले वरून खाली हलकेच काढा. १० पट भिंग पुरेसं आहे, पण प्रकाश बाजूने तिरका सोडा. वरून सरळ सोडला तर काटा आणि उभा राहिलेला खवला सारखेच चमकतात. खवले न काढता पाहिलं तर 'काटे नाहीत' असं चुकीचं उत्तर येतं, आणि मग नमुना उगाच अपामिया या वेगळ्याच प्रजातीच्या खोक्यात जाऊन बसतो. अपामियाच्या मधल्या-मागच्या नडग्यांवरही काटे नसतात. ग्लासी कटवर्म, अपामिया डिव्हास्टेटर, त्यातलाच.

फुलपाखरू_नव्हे

क मला तरी फेल्टिया जॅक्युलिफेरा वाटतोय, डिंजी कटवर्म. फिकट कड, गडद मध्यभाग, सगळं जुळतंय. आणि पुढच्या नडगीवरचे काटे फेल्टियालाही असतात हे वर आलंच आहे, म्हणजे पायावरून तो बाद होत नाही. धागाकर्त्याने शृंगिका बघाव्यात. फेल्टियाच्या नरात कंगव्यासारख्या असतात, ऑक्झिलिअरिसच्या नरात नाही.

टेकडीवरचा_दिवा

तिन्ही नमुन्यांच्या पुढच्या नडगीवर काटे आहेत, खवले काढल्यावर स्पष्ट दिसले. ड चा खंजीर, समोरच्या दोन पाचरी, मोतिया मागचा पंख, सगळं आहे. शृंगिकाही अर्ध्यापर्यंत कंगवा आणि पुढे दोरा. क च्या शृंगिका साध्या आहेत, कंगवा नाही. म्हणजे फेल्टिया बाद?

निशाचर

थांबा, आधी क नर आहे का ते बघा. मादीच्या शृंगिका फेल्टियातही साध्याच असतात. मादी हातात घेऊन 'कंगवा नाही, म्हणून फेल्टिया नाही' म्हणण्याला अर्थ नाही.

नर-मादी ओळखायला पोट दाबायची गरज नाही. पतंग उलटा करा आणि मागच्या पंखाच्या मुळाशी, जिथून तो पुढच्या पंखाला अडकतो तिथे बघा. नराला एकच जाड, ताठ केस असतो. मादीला बारीक केसांचा दोन-तीनचा जुडगा. पंख ताणून सुकवलेल्या नमुन्यातही हे दिसतं, फक्त जुडग्याचे केस कधी एकमेकांना चिकटून एक भासतात. सुईच्या टोकाने हलकं विंचरा.

टेकडीवरचा_दिवा

क ला दोन केस आहेत. मादी. अ आणि ब ला एकेक, दोन्ही नर.

निशाचर

मग क साठी शृंगिका विसरा. उरलेल्या खुणा अशा.

फेल्टिया जॅक्युलिफेरात गोल ठिपका मुळात गोल नसतोच. तो तिरका, त्रिकोणी, इंग्रजी 'व्ही' सारखा असतो आणि वरच्या फिकट कडेत उघडतो, म्हणजे ठिपका आणि कड यांच्यामध्ये सीमारेषा राहत नाही. ऑक्झिलिअरिसच्या फिकट कडेच्या रूपातही ठिपका गोल किंवा लंबगोल आणि स्वतःच्या रेघेने बंद असतो. तुमच्या फोटोत मला तो बंद दिसतोय. शिवाय जॅक्युलिफेराचे पतंग साधारण ऑगस्टपासून शरदापर्यंत उडतात. २९ मे ही तारीख त्याच्या बाजूने काहीच बोलत नाही.

मागच्या पंखाचा खालचा आणि वरचा असे दोन्ही फोटो टाका. ऑक्झिलिअरिसचा मागचा पंख मळकट असतो, मुळाशी फिकट, कडेकडे धुरकट तपकिरी, झालर पुन्हा फिकट. तो मोतिया पांढरा दिसला तर मात्र परत विचार करू. तेव्हा पेरिड्रोमा सौसियाकडे, म्हणजे व्हेरिगेटेड कटवर्मकडेही बघावं लागेल.

कांदेपोहे_कान्सास

शेताच्या बाजूने भर घालतो. पठारावरच्या प्रकाश-सापळ्यांत या जातीचे दोन चढ दिसतात, एक मे-जूनमध्ये आणि एक सप्टेंबर-ऑक्टोबरच्या आसपास. मध्ये जवळजवळ शुकशुकाट. हे पाहून वर्षाला दोन पिढ्या असं कोणालाही वाटेल, पण पिढी एकच आहे. वसंतात कोषातून निघालेले पतंग पश्चिमेला रॉकी पर्वतात जातात, उंचावर फुलांतला मध पितात, दिवसा दगडांच्या फटीत बसतात, आणि उन्हाळा संपता संपता तेच पतंग परत पठारावर उतरतात. तेव्हा मिलन, तेव्हा अंडी.

ओळख पटवायला याचा दुहेरी उपयोग. एक, मे-जूनमधल्या मादीचं पोट उघडलं तर पक्व अंडी मिळत नाहीत, चरबी मिळते. शरदातल्या मादीत अंडी भरलेली. दोन, शरदातले पतंग महिनोन्महिने दगडांत घासून आलेले असतात, खवले उडालेले, झालर फाटलेली. त्यांच्या नक्षीवर विसंबून जात ठरवणं म्हणजे शुद्ध अंदाजपंचे. तेव्हा पाय आणि जननांग, एवढंच हाती राहतं.

आणि हो, आता घरात शिरणारे हे पतंग कपडे खात नाहीत, धान्यात पडत नाहीत, घरात अंडीही घालत नाहीत. भारतातून आलेल्या पाहुण्यांना कसर वाटते आणि डांबराच्या गोळ्यांचा मारा सुरू होतो. त्यापेक्षा बाहेरचा पांढरा दिवा बंद करा किंवा पिवळा लावा, दारं-खिडक्यांच्या फटी बुजवा, आणि जे आत आलेत त्यांच्यासाठी अंधाऱ्या खोलीत एका दिव्याखाली साबणपाण्याची बादली ठेवा.

रानमेवा_नगर

धागा वाचतोय, छान चाललंय. एक शंका. आपल्याकडे हरभऱ्याची, बटाट्याची रोपं रात्री जमिनीलगत कापून टाकणारी कुरतडणारी अळी असते, तिचं नाव कृषी पुस्तिकेत ॲग्रोटिस इप्सिलॉन असंच छापलंय. ती आणि वरचा ड एकच? आणि 'आर्मी' म्हणजे मक्यावरची लष्करी अळी का?

निशाचर

पहिल्याचं उत्तर हो, दुसऱ्याचं नाही.

ॲग्रोटिस इप्सिलॉन जगभर पसरलेली जात आहे. हुफनागेलने १७६६ साली युरोपातल्या नमुन्यावरून तिला नाव दिलं. फोर्ट कॉलिन्सचा ड आणि तुमच्या हरभऱ्यातली अळी यांत जातीचा फरक नाही. युक्सोआ ऑक्झिलिअरिस मात्र निव्वळ उत्तर अमेरिकेची, मुख्यतः पठारं आणि त्यांच्या पश्चिमेकडची. भारतात ती नाही. कोणी भारतातल्या फोटोवर हे नाव टाकलं असेल तर ते डोळे झाकून काढून टाका.

मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी म्हणजे स्पोडोप्टेरा फ्रुजिपर्डा. २०१८ साली ती भारतात पहिल्यांदा नोंदली गेली. कुल एकच, पण पुढे वाट वेगळी. तिच्या अळीच्या डोक्यावर उलटा 'वाय' आणि शेपटीकडच्या आठव्या खंडावर चौकोनात बसलेले चार गडद ठिपके. ऑक्झिलिअरिसच्या अळीला यातलं काहीच नसतं. खाणं संपलं की थव्याने पुढे सरकते, म्हणून तिला आर्मी म्हणतात, एवढाच संबंध.

कांदेपोहे_कान्सास

अळ्यांचा विषय निघालाच आहे तर सगळ्या एकत्र लिहून टाकतो, कारण शेतात पतंग कोणी बघत नाही.

ऑक्झिलिअरिस : अंगावर राखाडी, पांढुरके ठिपके शिंपडल्यासारखे, पाठीच्या मधोमध फिकट रेघ, डोकं फिकट तपकिरी आणि त्यावर गडद ठिपके. पूर्ण वाढ सुमारे ४ ते ५ सेंमी. शरदात अंड्यातून निघते, अर्धवट वाढलेली अळी म्हणूनच मातीत हिवाळा काढते, आणि ऊबदार दिवशी हिवाळ्यातही वर येऊन खाते. म्हणून मार्चमध्ये हिवाळी गव्हात बोटाच्या पेराएवढी कटवर्म दिसली की पहिला संशय हिच्यावर. ब्लॅक कटवर्मसारखी रोप कापत बसत नाही, वर चढून पानं खाते. गव्हाचे शेंडे कुरतडलेले, जनावरं चरल्यासारखे दिसतात.

पेल वेस्टर्न कटवर्म, ॲग्रोटिस ऑर्थोगोनिया : अंगावर खूण जवळजवळ नाही, फिकट राखाडी. जमिनीखालीच खाते, रोप आतून तुटतं. अंड्याच्या रूपात हिवाळा काढते, त्यामुळे त्याच शेतात त्याच दिवशी ती बरीच लहान असते. दोन्ही एकत्र निघाल्या तर आकारावरूनच अर्धं काम होतं.

रेडबॅक्ड, युक्सोआ ओक्रोगॅस्टर : पाठीवर विटकरी लाल पट्टा. हीसुद्धा अंड्यातून वसंतात येते, पतंग जुलैअखेरपासून.

व्हेरिगेटेड : पाठीच्या मधोमध फिकट पिवळ्या ठिपक्यांची ओळ.

ब्लॅक कटवर्म : कातडी तेलकट, भिंगातून दाणेदार. पोटाच्या प्रत्येक खंडावर पाठीकडे केसांच्या दोन जोड्या असतात. पुढच्या जोडीच्या बुडाचा काळा ठिपका लहान, मागच्याचा कितीतरी मोठा. ही खूण रंगापेक्षा भरवशाची.

शेतात मोजायचं तर एक फूट बाय एक फूट चौकट ठेवा आणि वरची दोन इंच माती खरवडा. ढेकळांखाली, वाळलेल्या शेणाखाली बघा. भर दुपारी वर काहीच नसतं, ती वेळ खरवडण्याची. पानांवर बघायचं तर संध्याकाळनंतर. चौरस फुटाला ४-५ अळ्या हा गव्हासाठी सर्वसाधारण इशारा धरतात. पीक विरळ किंवा पाण्यावाचून दमलेलं असेल तर त्याच्या अर्ध्यावरच सावध व्हावं. आणि अळ्या दीड इंचाच्या पुढे गेल्या असतील तर फवारणीत पैसे घालू नका. त्या कोषात जायच्या बेतात असतात, व्हायचं ते नुकसान होऊन गेलेलं असतं.

सरळमार्गी

एवढा खटाटोप कशाला? एक पाय तोडा, डीएनए बारकोडला (जनुकाचा ठरावीक तुकडा वाचून जात ओळखायला) पाठवा. सीओआय जनुकाच्या ६५८ अक्षरांत उत्तर.

खवलेवाला

पाय जरूर पाठवा, पण त्याने खटाटोप संपत नाही. युक्सोआत जवळच्या जातींचे काही गट असे आहेत की त्यांचे बारकोड एकमेकांत मिसळतात, आणि दुसरीकडे एकाच जातीत दोन ओळी निघतात. शिवाय ज्या नमुन्याशी तुमचा जुळतो त्याला नाव कोणीतरी डोळ्यांनीच दिलेलं असतं. ते चुकीचं असेल तर तुमचंही चुकीचं, वर ९९ टक्के जुळल्याचा शिक्का!

पाठवणार असाल तर पतंग इथाइल ॲसिटेटच्या बाटलीत मारू नका, डीएनए खराब होतो. गोठवून मारा. मधला किंवा मागचा पाय एका बाजूचाच काढा. पुढचे दोन्ही राहू द्या, काटे बघायला लागतात.

टेकडीवरचा_दिवा

मागचे पंख पाहिले. अ, ब, क तिघांचे मळकट तपकिरी, कडेला गडद, झालर फिकट. मोतिया एकही नाही. ब चं जननांग काढून पाहायची तयारी आहे. पद्धत सविस्तर मिळेल का?

खवलेवाला

ब नर आहे, चांगली निवड. घाई न करता असं करा.

पतंग पूर्ण सुकलेला हवा. पोटाखालून चिमटा लावून वरच्या दिशेने हलकं उचला, पोट छातीपासून सुटून येतं. लगेच नमुन्याला आणि परीक्षानळीला एकच क्रमांक द्या. नंतर देतो म्हटलं की घोळ झालाच.

पोट १० टक्के कॉस्टिक पोटॅशमध्ये टाका. दोन रस्ते आहेत : खोलीच्या तापमानाला रात्रभर, किंवा परीक्षानळी गरम पाण्याच्या भांड्यात ठेवून २० ते ३० मिनिटं. थेट आचेवर उकळू नका, द्रव उसळून डोळ्यांत उडतो. हातमोजे आणि चष्मा घालाच. पोट मऊ, अर्धपारदर्शक झालं की थांबा. जास्त झालं तर पडदे विरघळायला लागतात, आणि आपल्याला नेमका पडदाच बघायचाय. कमी झालं तर स्नायू चिकटून राहतात आणि ओढताना अवयव फाटतात. उन्हाळ्यातल्या डोंगरावरच्या पतंगाला वेळ जास्त लागतो, इतकी चरबी असते त्यात.

मग पाण्यात, मग ३० टक्के अल्कोहोलमध्ये आणून आखूड केलेल्या ब्रशने खवले आणि चरबी पुसा. आठव्या खंडाचा पडदा सुईने कापत जननांग मागच्या बाजूने बाहेर ओढा. पोटाचं टरफल फेकू नका, तेही त्याच काचपट्टीवर बसवतात.

आता दोन्ही बाजूंच्या झडपा (मिलनात मादीला धरणाऱ्या पाकळ्या) उघडा. युक्सोआची खूण इथे आहे : झडपेच्या आत दोन बोटं असतात, एक नेहमीचा आकडा आणि दुसरी खालच्या कडेतून निघालेली लांब शेंग, मिळून काटेचमच्याच्या दुबेळक्यासारखं दिसतं. ॲग्रोटिसमध्ये ती दुसरी शेंग नसते, आकडा एकटाच. त्यामुळे इथे प्रजातीचा निकाल लागतो.

जातीचा निकाल लिंगनळीच्या आतल्या पिशवीवर. ती आत उलटी घडी घालून बसलेली असते, तशी बघून काही कळत नाही. बाहेर काढून फुगवावी लागते. नळी झडपांपासून अलग करा, इन्सुलिनच्या सिरिंजची सर्वात बारीक सुई नळीच्या आतल्या, म्हणजे छातीकडच्या टोकातून आत घाला, चिमट्याने नळी सुईवर घट्ट धरा आणि पाणी किंवा कमी टक्क्यांचं अल्कोहोल सोडत पिशवी उलटी करून बाहेर आणा. पूर्ण बाहेर आल्यावर सिरिंज बदलून ९५ टक्के अल्कोहोल हळूहळू सोडा, दाब धरून ठेवा. पिशवी फुगलेल्या अवस्थेत ताठ होते. एकदम जोर लावला तर फुटते. पिशवी अर्धीच बाहेर येऊन अडकली तर जोर वाढवू नका, पडद्याला घडी पडलीय. परत पाण्यात न्या, सुईच्या बोथट बाजूने घडी सोडवा. सुरुवातीलाच कडक अल्कोहोल वापरलं तर पडदा आतच आखडतो आणि मग तो नमुना गेलाच.

रंगासाठी क्लोराझोल ब्लॅकचा एखादा थेंब, शेवटी निव्वळ अल्कोहोल, आणि युपॅरल या पारदर्शक डिंकात काचपट्टीवर. नळी आणि झडपा शेजारी शेजारी, एकावर एक नको.

फुलपाखरू_नव्हे

पिशवीच्या आकारावर एवढा भर का? झडपांनी भागत नाही?

निशाचर

जवळच्या जातींत झडपा फारच सारख्या असतात. कीटकशास्त्रज्ञ हार्डविकने १९७० साली उत्तर अमेरिकेतल्या युक्सोआचे उपप्रजातींत गट पाडले, त्यांची नावंच बघा : लॉन्जिव्हेसिका म्हणजे लांब पिशवीवाले, क्रासिव्हेसिका म्हणजे जाड पिशवीवाले. पिशवीला किती वळणं, खिसे कुठे, हे नर-मादीच्या अवयवांच्या जुळणीशी जोडलेलं असतं, पंखांच्या रंगाशी त्याचं काही देणंघेणं नाही. म्हणून रंग दहा तऱ्हांचे आणि पिशवी एकच, असं निघालं की रूपं एका जातीत घालता येतात. लाफोंतेनने १९८७ मध्ये सगळी प्रजाती पुन्हा तपासली ती याच पायावर.

ऑक्झिलिअरिसची सध्याची जागा : कुल नॉक्टुइडे, उपकुल नॉक्टुइने, ट्राइब नॉक्टुइनी, उपट्राइब ॲग्रोटिना, प्रजाती युक्सोआ, उपप्रजाती कोरिझॅग्रोटिस. कीटकशास्त्रज्ञ ग्रोटने १८७३ मध्ये वर्णन केलं ते ॲग्रोटिस ऑक्झिलिअरिस म्हणून. त्या काळी या ठेवणीचा जवळजवळ प्रत्येक राखाडी पतंग ॲग्रोटिसच्या पोतडीत जायचा. इंट्रोफेरेन्स आणि ॲग्रेस्टिस ही नावंही ग्रोटनेच नंतर दिली, वेगळ्या जाती समजून. ती याच पतंगाची रूपं ठरल्यावर सगळ्यात जुनं नाव उरलं. जुन्या शेतकी अहवालांत कोरिझॅग्रोटिस ऑक्झिलिअरिस असं नाव सापडेल. तेव्हा कोरिझॅग्रोटिसला स्वतंत्र प्रजातीचा दर्जा होता. ते अहवाल टाकाऊ समजू नका, पतंग हाच आहे.

लिहिताना ग्रोट आणि १८७३ हे कंसात टाका. प्रजाती बदलली की मूळ नामकर्ता कंसात जातो. हा कंस गाळला तर ग्रोटने थेट युक्सोआतच वर्णन केलं असा अर्थ होतो. संग्रहाच्या याद्यांत ही चूक पोत्याने सापडते.

रानमेवा_नगर

कामगंध सापळे का लावत नाही कोणी? आपल्याकडे बोंडअळीला लावतात तसे.

कांदेपोहे_कान्सास

लावतात, पण ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर, मिलनाच्या हंगामात. आत्ता मे महिन्यात पतंग लैंगिकदृष्ट्या कच्चे असतात, सापळा रिकामा राहील आणि 'यंदा प्रादुर्भाव नाही' असा उफराटा निष्कर्ष निघेल. शिवाय गंधगोळीवर आर्मी कटवर्म छापलंय म्हणून सापळ्यात आलेला प्रत्येक पतंग तोच असं होत नाही. दुसरे कटवर्मही येतात. चिकट सापळ्यात तर खवले सगळे गोंदाला, ओळख पटवायला काही उरत नाही. बादलीचा सापळा वापरा.

जुलै-ऑगस्टच्या मक्यात आणि घेवड्यात पांढऱ्या कडेचा पतंग सापडला तर तो बहुधा वेस्टर्न बीन कटवर्म, स्ट्रायाकोस्टा अल्बिकोस्टा. कड मुळापासून टोकाकडे सलग मलईसारखी पांढरी. अळी मोठी झाली की डोक्यामागच्या खंडावर दोन रुंद गडद चौकोन. यालाही स्मिथने १८८८ मध्ये ॲग्रोटिसच म्हटलं होतं.

टेकडीवरचा_दिवा

ब चं काम झालं. झडपेत दोन बोटं स्पष्ट आहेत, पिशवी दुसऱ्या दमात पूर्ण फुगली. फोटो वर जोडलाय.

खवलेवाला

फोटो पाहिला. युक्सोआ नक्की, आणि पिशवीची ठेवण ऑक्झिलिअरिसच्या आकृतीशी जुळते. काचपट्टी आडवी ठेवूनच सुकवा, युपॅरलला महिनाभर तरी लागतो.

अ ला काटे, मळकट मागचा पंख, नर असून कंगवा नाही, तारीख योग्य, तोही तोच. क मादी आहे, तेव्हा मी तरी चिठ्ठीवर 'कॉन्फर' (म्हणजे 'ताडून पाहा', ओळख अजून पक्की नाही) लिहीन आणि तिचं जननांग तपासल्यावरच तो शब्द काढीन.

निशाचर

'कॉन्फर' ला माझा विरोध नाही, पण बंद गोल ठिपका, मागचा पंख आणि मे महिना एवढं पुरे आहे असं मला वाटतं. शेवटी नमुना धागाकर्त्याचा.

चिठ्ठ्या दोन करा. वरची जागेची : राज्य, काउंटी, गाव, अक्षांश-रेखांश, उंची, तारीख (महिना रोमन आकड्यात, म्हणजे दिवस-महिन्याचा गोंधळ होत नाही), 'अतिनील दिवा', गोळा करणाऱ्याचं नाव. खालची ओळखीची : जातीचं नाव, कोणी ओळखलं, कोणत्या वर्षी, आणि ब वर काचपट्टीचा क्रमांक. ओळखीची चिठ्ठी पुढे बदलली तरी जुनी काढून फेकायची नाही, तिच्याखालीच राहू द्यायची.

टेकडीवरचा_दिवा

क ला 'कॉन्फर' ठेवतोय. जुलैत याच जातीचे डोंगरावरचे नमुने मिळवायचे आहेत, तुलनेसाठी. काय काळजी घ्यावी?

कांदेपोहे_कान्सास

राष्ट्रीय उद्यानात परवान्याशिवाय एकही पतंग उचलता येत नाही, रॉकी माउंटन नॅशनल पार्कही त्यात आलं. वायोमिंगच्या ॲबसरोका डोंगरात ३,००० मीटरच्या वर दगडांच्या उतारांवर हे पतंग प्रचंड संख्येने बसतात, पण तिथे दगड उलटायला जाऊ नका. ग्रिझली अस्वलं त्याच कामासाठी तिथे येतात. एक अस्वल दिवसाला ४०,००० पर्यंत पतंग खातं असा अंदाज आहे. कोलोरॅडोतच रस्त्यालगतच्या उंच कुरणात, फुलांवर, अंधार पडल्यावर डोक्याच्या दिव्याने शोधा.

खवलेवाला

आणि ते नमुने टोचल्यावर महिन्याभरात तेलकट होऊन पंख काळपट पडतील, चरबीमुळे. पोट आधीच काढून क्रमांकासह वेगळं ठेवा, म्हणजे तेल पंखांपर्यंत पोचत नाही. तरी चढलंच तर पूर्ण सुकलेला नमुना टाचणीसकट ॲसिटोनमध्ये रात्रभर बुडवून ठेवा आणि बाहेर काढून हलक्या फुंकरीने झालर मोकळी करा. चिठ्ठ्या आधी काढा, शाई उतरते.

टेकडीवरचा_दिवा

ॲसिटोनचं टिपून ठेवलं. अ आणि ब ची नोंद ऑक्झिलिअरिस, हॉजेस क्रमांक (उत्तर अमेरिकेतल्या पतंगांच्या यादीतला) १०७३१; ड इप्सिलॉन, १०६६३. क चं पोट आज पोटॅशमध्ये घातलंय, फोटो इथेच टाकतो.